हिरव्या काचेतलं कुंकू

मिरजकर तिकटीकडून मंगळवार पेठेत शिरलं की थोड्या अंतरावर गुंडूचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं आणि त्याला भिंत लावून ‘श्रीप्रभा फोटो’. इतर स्टुडिओवाले दर्शनी काचेमागे पैलवानांचे, नवरानवरीचे मोठाले फोटो मांडतात. श्रीप्रभामध्ये त्या जागी एक माणूस बसलेलं असे. विमलाबाई देशिंगकर. पुढ्यात उतरतं मेज, मेजावर फोटो, एका डोळ्याशी भिंग, हातात अगदी बारीक ब्रश. रस्त्यानं जाणाऱ्याला आधी त्यांचं मोकळं कपाळ दिसे, मग त्या काय करताहेत ते दिसे. त्या फोटोतल्या बायकांना कुंकू लावत.

नवा माणूस क्षणभर थबके. पेठेतल्या लोकांना त्याची सवय झाली होती. पण हे मेज सुरुवातीपासून काचेमागे नव्हतं. आधी बरीच वर्षं ते आत, डार्करूमच्या दाराशी, एका जाड काळ्या पडद्याआड होतं. ते बाहेर कसं आलं, ते सांगायचं तर आधी कुंकवाचं सांगायला हवं.

काळ्या-पांढऱ्या फिल्मला रंग कळत नाहीत. तिला फक्त उजेड कमी की जास्त एवढं कळतं. जुन्या काचेच्या प्लेटांना लाल रंग दिसतच नसे, म्हणून त्यांच्यात लाल ते सगळं काळं उमटे. ओठ काळे, कुंकू काळं, आणि माणूसही आहे त्यापेक्षा काळा. विमलाबाईंच्या सासऱ्यांच्या काळात लोक तोंडाला पावडर थापून फोटोला बसत ते त्यामुळे. पुढे नवी फिल्म आली. तिला लाल दिसू लागलं, आणि दिसू लागलं तेच जरा जास्त. त्यात स्टुडिओतले मोठे बल्ब, त्यांचा तांबूस उजेड. या उजेडात लाल कुंकू आणि त्याखालचं सावळं कपाळ दोन्ही एकाच राखाडी रंगाचे होऊन जात. म्हाताऱ्या बायकांच्या कपाळावरचं गोंदण ठसठशीत यायचं आणि त्याच्या बोटभर वरचं कुंकू नाहीसं व्हायचं. चैत्रात जोतिबाहून उतरलेली माणसं अंगभर गुलाल घेऊन तशीच फोटोला बसत, तर प्रिंटमध्ये त्यांच्या अंगावर कुणी पीठ उधळल्यासारखं दिसे. त्यावर लोक हसत. कुंकवावर कुणी हसत नसे.

म्हणून प्रत्येक स्टुडिओत शेवटचं काम ठरलेलं होतं. प्रिंट सुकला की सवाष्णींच्या आणि मुलींच्या कपाळावर ब्रशनं ठिपका द्यायचा. सगळीकडे देत. गिऱ्हाइकाला ते माहीत नसे, आणि कोण देतं हे कुणी विचारत नसे.

विमलाबाई नृसिंहवाडीच्या. लग्न होऊन आल्या तेव्हा त्यांच्या नवऱ्यानं, वसंतानं, त्यांची रांगोळी पाहिली आणि दुसऱ्या दिवशी हातात ब्रश दिला. ठिपका देणं म्हणजे नुसतं टेकवणं नव्हे, हे त्यांना शिकवावं लागलं नाही. मान वळलेली असेल तर कुंकू गोल राहत नाही, किंचित लांबट होतं. कपाळाच्या ज्या बाजूला उजेड कमी, त्या बाजूची कड थोडी विरायला हवी. रंग पुरता काळा घ्यायचा नाही. पण त्यांनी स्वतःचा असा एक नियम केला होता. निगेटिव्ह उजेडावर धरून त्या भिंगातून बाईच्या कपाळावर शोधत बसत. कुठंतरी पुसट गोल असतोच. तिनं जिथं लावलं असेल तिथंच आणि जेवढं लावलं असेल तेवढंच त्या लावत. कुणाची आडवी चिरी, कुणाची चंद्रकोर, कुणाचा रुपयाएवढा गोल. आपल्या मनानं एकही नाही.

वसंताचं पोट मुलींच्या आणि पैलवानांच्या फोटोंवर भरे. जीव मात्र ढगांत. त्याच्याकडे लाकडाची एक चपटी पेटी होती, आत जांभळ्या मखमलीचे खण आणि खणांत रंगीत काचा. पिवळी, नारिंगी, लाल, हिरवी. भिंगाच्या पुढे लाल काच लावली की निळं आभाळ काळंभोर होतं आणि त्यात ढग पेटल्यासारखे पांढरे येतात. भाद्रपद उतरला की तो कॅमेरा घेऊन रंकाळ्यावर जाई. विमलाबाई बरोबर असत. एकदा ढग नव्हते. रिकामा वेळ होता म्हणून त्यानं एकेक काच स्वतःच्या डोळ्याशी धरून बायकोकडे पाहायला सुरुवात केली. पिवळीतून बघितलं, म्हणाला, गोरी दिसतेस. लाल काच धरली आणि काही बोलला नाही. ती पटकन मखमलीत ठेवून त्यानं हिरवी उचलली. ‘‘ह्याच्यात बघ. कुंकू कसं टपोरं काळं दिसतंय. ह्याच्यात ठिपका द्यावाच लागणार नाही.’’

लाल काचेतून त्याला काय दिसलं होतं ते विमलाबाईंना पुढे कळलं: मोकळं कपाळ. तो पोटाच्या दुखण्यानं गेला तेव्हा त्या तिशीच्या आतबाहेर होत्या.

त्यानंतर कॅमेरा धाकट्या दिराकडे, यज्ञेश्वरकडे आला. विमलाबाई पडद्याआड गेल्या आणि तिथंच राहिल्या. घरात हळदीकुंकू असलं की त्या न सांगता स्वयंपाकघरात थांबत. लीला, यज्ञेश्वरची बायको, मायाळू होती, तिला ते बघवत नसे. पण बघवत नाही म्हणून काही बदलत नाही. कुंकवाच्या करंड्याला त्यांचं बोट आता लागत नव्हतं. फक्त या एका मेजावर, टेबललॅम्पच्या पिवळ्या गोलात, तो हात अजून चालत होता. कितीतरी कपाळं रोज त्या हाताखालून जात. शिरोळची, कागलची, करवीरची. कधी काम संपल्यावरही त्या दिवा न मालवता नुसत्या बसून राहत. या कामात त्यांना सुख होतं की ती एक जखम त्या रोज उघडत होत्या, हे त्यांना विचारायचं धाडस कुणी केलं नाही. त्यांनी स्वतःलाही ते विचारलं नसावं. एवढं खरं की हे मेज गेलं असतं तर त्यांच्या हाताला दुसरं काही उरलं नसतं.

सत्तर सालच्या हिवाळ्यात वडणग्याच्या हंबीरराव पाटलांच्या मुलीचा फोटो काढला गेला. मुलगी मालन. वारणानगरला साखर कारखान्यात नोकरीला असलेल्या एका मुलाकडे फोटो पाठवायचा होता. मुलीची आई बनाबाई पुढे बसून सूचना देत होती. यज्ञेश्वरनं रिवाजाप्रमाणे पिवळी काच लावली, पावडर दिली, बल्ब जरा पुढे ओढला. मुलगी सावळी होती आणि गालांवर मुरमांचे वण होते. पिवळ्या काचेनं दोन्ही हलकी केली. कुंकूही गेलं.

फोटो मंगळवारी मिळायचा होता. बनाबाई सोमवारीच बाजाराला आली होती, म्हणून डोकावली. यज्ञेश्वर समोर चहाला गेला होता.

‘‘फोटूवालं? कोन हाय का न्हाय आत?’’

आत विमलाबाईंच्या ओठांत ब्रश होता. टोक काढायला तो जिभेवर टेकवावा लागतो. त्यांना उत्तर देता आलं नाही. बनाबाईनं पडदा उचलला.

तिला काय दिसलं असेल? एक पांढऱ्या कपाळाची बाई, दिव्याखाली वाकलेली, आणि तिच्या बोटांखाली आपल्या पोरीचं तोंड.

‘‘ह्ये काय करतायसा?’’

‘‘कुंकू लावते. फोटोत पुसट आलंय.’’

‘‘कुनाचा ह्यो फोटू?’’

‘‘मालन पाटील. वडणगे.’’

‘‘माझीच ती.’’ बनाबाई पडदा धरूनच उभी राहिली. ‘‘आनि तुमी लावताय.’’

‘‘सगळ्यांना मीच लावते.’’

‘‘आमास्नी कुठं म्हाईत.’’ मग ब्रशाकडे बघून, ‘‘आनि थुंकी लावून.’’

वडणग्याची बाई रस्त्याच्या दोन्ही कडांना ऐकू जाईल अशी बोलते. बनाबाईचा आवाज मात्र खाली आला होता. तिनं भांडण काढलं असतं तर बरं झालं असतं. ती म्हणाली, ‘‘ऱ्हाऊ द्या फोटू. तुमास्नी म्हनून न्हाय बोलत मी, बाई. पन पोरीचं अजून व्हायाचं हाय.’’

पडदा पडला. ठिपका अर्धा झाला होता. विमलाबाईंनी ओल्या कापसानं तो टिपून काढला आणि फोटो मेजाच्या खणात ठेवून दिला.

गोष्ट पेठेत पसरायला वेळ लागला नाही. यज्ञेश्वरला लोक हसत हसत विचारू लागले, तुमच्यात कुंकू कोण लावतंय म्हणे? कोल्हापुरात माणूस हसत विचारतो तेव्हा त्याला उत्तर हवं असतं. यज्ञेश्वर भांडणारा नव्हता. तो भिंगाचं टोपण हातात फिरवत विमलाबाईंसमोर येऊन बसला.

‘‘वहिनी, थोडे दिवस लीला लावू दे. लोकांचं काय, विसरतात.’’

‘‘लीलाला जमेल?’’

‘‘ठिपका तर द्यायचाय.’’

विमलाबाईंनी ब्रश धुऊन लीलाच्या हातात दिला.

लीला म्हणाली, ‘‘वहिनी, मला उंबऱ्यावरची रांगोळी धड येत नाही. हे मेलं एवढंसं कपाळ, त्यात कुठं लावू?’’

‘‘तिनं लावलंय तिथं. निगेटिव्ह बघ.’’

‘‘मला त्यात माणूसच दिसत नाही. सगळी भुतं दिसतात.’’

लीलाचे ठिपके गोल आणि काळेकुळकुळीत होत. मान कुठंही वळो, ठिपका समोर बघे. कुणाच्या भुवईत शिरे, कुणाच्या भांगाला लागे. एका तालमीचे कारभारी आपला बायकोबरोबरचा फोटो परत घेऊन आले. काउंटरवर ठेवून म्हणाले, ‘‘पावणं, आमची मंडळी कपाळात गोळी घातल्यागत दिसतीया. काय वैर हाय काय आमच्याशी?’’

लीला आत जाऊन हसून हसून रडली. विमलाबाई हसल्या नाहीत. त्या भिंतीशी बसून प्रिंटांच्या कोऱ्या कडा कात्रीनं कापत होत्या. हाताला आता कात्रीपुरतं काम होतं. बाकी सगळा तो रिकामा होता.

हिरवी काच त्यांना त्या दिवसांत आठवली. पेटी माळ्यावरच्या ट्रंकेत होती. मखमल कसरीनं खाल्ली होती. काचा तशाच होत्या. त्यांनी हिरवी काच पदरानं पुसून यज्ञेश्वरपुढे ठेवली.

‘‘ही लावून काढा. कुंकू आपोआप येईल. कुणाचा हात लागायला नको.’’

‘‘वहिनी, हिरव्यात माणसाचा कोळसा होतो. दादा ती वापरत नव्हता ते काय उगाच?’’

‘‘कोळसा होईल. पण अहेव कोळसा होईल.’’

यज्ञेश्वरनं काच उचलून काउंटरवर ठेवली.

शाहूपुरीत गुळाच्या सौद्याला आलेले हंबीरराव त्याला भेटले तेव्हा त्यानं विषय काढला. हंबीररावांचीही अडचण झाली होती. बनाबाईनं दुसऱ्या एका स्टुडिओत जाऊन आधी विचारलं होतं, तुमच्यात कुंकू कोन लावतंय ते दावा. तिथल्यांनी तिला वेड्यात काढलं. तिनं सांगितलं, मग लावूच नगा. फोटो तसा आला, मोकळ्या कपाळाचा, आणि हंबीररावांच्या म्हाताऱ्या आईनं तो बघून ताटावरून उठून जायचं तेवढं बाकी ठेवलं. वारणानगरचे पावणे दोनदा निरोप देऊन बसले होते. कुणाचाही हात न लागता कुंकू येतं म्हटल्यावर हंबीरराव म्हणाले, ‘‘धाडतो मालकिनीला.’’

बनाबाई मुलीला घेऊन आली त्या दिवशी यज्ञेश्वर जयसिंगपूरला लग्नाच्या फोटोंना गेला होता. दुकानात विमलाबाई एकट्या. बनाबाई पायरीवरच थांबली.

‘‘फोटूवालं न्हाईत?’’

‘‘मी काढते.’’

‘‘तुमास्नी येतंय?’’

‘‘येतं.’’ त्यांनी आजवर एकाही गिऱ्हाइकाचा फोटो काढला नव्हता. पण वसंताच्या मागे काळ्या फडक्याखाली उभं राहून त्यांनी इतकी माणसं उलटी टांगलेली पाहिली होती, की येत नाही म्हणणंही खोटं झालं असतं.

बनाबाईनं जागेचा अंदाज घेतला. कॅमेरा इथं, खुर्ची तिथं. ‘‘लांबनंच काढायचा न्हवं?’’

‘‘लांबूनच.’’

‘‘हात न्हाय लागत?’’

‘‘नाही. उजेड लागतो फक्त.’’

‘‘मग काढा.’’

मालन खुर्चीवर बसली. विमलाबाई फिल्मची चौकट भरायला डार्करूममध्ये गेल्या. त्या परत आल्या तेव्हा मालननं काउंटरवरची हिरवी काच उचलून डोळ्याशी धरली होती आणि ती सगळीकडे बघत होती. आईकडे, भिंतीवरच्या घड्याळाकडे, बाहेर गुंडूच्या दुकानातल्या लाल सायकलीकडे.

‘‘आये, तुझं कुंकू बघ कसं शाईगत दिसतंय.’’

‘‘ठेव ती खाली. फुटंल.’’

मालननं काच विमलाबाईंकडे वळवली. मग ती डोळ्याला आणखी घट्ट धरली.

‘‘काकू, तुमच्या बी कपाळावर हाय की.’’

‘‘काय हाय?’’ बनाबाई म्हणाली.

‘‘गोल. बारीक हाय, पन हाय.’’

विमलाबाई कॅमेऱ्याचं भिंग पुसत होत्या. ‘‘डाग आहे तो. मी मेण लावून कुंकू लावायची. त्याचा डाग राहिला. एरवी दिसत नाही.’’

बनाबाईनं मुलीच्या हातातून काच काढून घेतली. त्यातून पाहिलं नाही. दोन बोटांनी कडेनं धरून तिनं ती विमलाबाईंच्या हातात दिली. देताना तिची नजर त्यांच्या कपाळावर गेली आणि तिनं ती लगेच दुसरीकडे वळवली.

काच भिंगापुढे बसवून विमलाबाई काळ्या फडक्याखाली गेल्या. आत अंधार, आणि अंधारात दुधी काचेवर खाली डोकं वर पाय झालेली एक हिरवी मुलगी. तिच्या कपाळावर, म्हणजे पार खाली, एक काळा थेंब लटकलेला होता. आता गळेल असं वाटणारा. विमलाबाई फोकस झाल्यावरही फडक्याखाली काही वेळ राहिल्या. वसंतानं रंकाळ्यावर जे पाहिलं होतं ते त्या आज पाहत होत्या. त्याला त्या काचेतून कशा दिसल्या असतील हे त्यांना पहिल्यांदा दिसलं.

‘‘झोप लागली काय त्यास्नी आत?’’ बनाबाईनं मुलीला विचारलं.

‘‘हिरव्या काचेला उजेड जास्त लागतो,’’ विमलाबाई बाहेर येऊन म्हणाल्या. ‘‘त्यामुळे जरा जास्त वेळ बसायचं. हलायचं नाही. पापणीसुद्धा नाही.’’

‘‘बसतो की,’’ मालन म्हणाली. ‘‘बघायला येतील तवा बी असंच बसायचं हाय.’’

फोटो घ्यायला दोघी आल्या तेव्हा यज्ञेश्वर होता, लीला होती. विमलाबाईंनी पाकीट काउंटरवर ठेवलं. बनाबाईनं फोटो काढून दोन्ही हातांत धरला.

कुंकू उत्तम आलं होतं. गोल, टपोरं, कड हलकी विरलेली, जिथं होतं तिथंच. विमलाबाईंच्या हातूनही याहून बरं आलं नसतं. पण हिरव्या काचेनं कुंकवापुरतं थांबायचं कबूल केलेलं नव्हतं. जे जे तांबूस ते ते तिनं गडद केलं होतं. ओठ काळे, गालांवरचा एकेक वण मोजून घ्यावा असा, आणि मुलगी मुळात होती त्याच्या दोन पावलं पुढे सावळी.

बनाबाईनं फोटो उजेडाकडे नेला. परत आणला. ‘‘ही माझी पोरगी न्हाय.’’

‘‘मीच हाय की ती,’’ मालन म्हणाली.

‘‘तू गप. ह्यो फोटू बघून वारणेची मानसं नदीच्या पल्याडनंच परत जातील.’’

‘‘मग पावडर लावून, पिवळी काच लावून पोरगी देनार हाईस काय? कुंकू पायजे म्हनलीस, आलं. आता काळी झाली म्हनतीस.’’

‘‘फोटूवालं,’’ बनाबाई यज्ञेश्वरकडे वळली, ‘‘ह्ये कुंकू ऱ्हाऊ दे आनि तोंड तेवढं पयल्यागत करा.’’

यज्ञेश्वर म्हणाला, ‘‘काच एकच असते, मावशी. ती दोन्ही करते नाहीतर दोन्ही करत नाही.’’

बनाबाई बाकावर बसली. तिच्या मांडीवर फोटो होता. तिनं तो उलटा ठेवला, पुन्हा सुलटा केला. बाहेर गुंडू पंप मारत होता त्याचा फुसफुस आवाज येत होता. मग तिनं कुणाकडेही न बघता विचारलं, ‘‘त्यो पयला हाय का अजून?’’

विमलाबाईंनी खणातून पहिला फोटो काढून आणला. मालन त्यात उजळ होती, गाल नितळ, कपाळ मोकळं. बनाबाईनं मोकळ्या कपाळावर पदराचं टोक ठेवून झाकल्यासारखं केलं.

‘‘ह्येच्यावर लावा.’’ मग लीलाकडे बघून, ‘‘तुमी लावा की.’’

लीला म्हणाली, ‘‘मी लावला तर कपाळात गोळी घातल्यागत दिसेल. तालमीच्या कारभाऱ्यांना विचारा. मी आता ब्रश हातात धरणार नाही, बनाबाई. मुलीचं वाटोळं माझ्या हातून नको.’’

यज्ञेश्वरनं बायकोकडे पाहिलं. ती पाहत नव्हती.

बनाबाई उठली आणि विमलाबाईंच्या जवळ येऊन उभी राहिली. आवाज त्या सोमवारसारखाच खाली होता.

‘‘तुमीच लावा, बाई. आत जाऊन लावा. मी काय बघत न्हाय.’’

इतकी वर्षं असंच होतं. आत, आणि कुणी बघत नाही. या एका वाक्यात सगळं पूर्वीसारखं होणार होतं. मेज मिळत होतं, ब्रश मिळत होता, लोकही विसरणार होते. विमलाबाईंनी मान हलवली असती तर ही गोष्ट तिथंच संपली असती. यज्ञेश्वर त्या मान हलवण्याची वाट पाहत होता. त्यानं पडदा बाजूलाही केला होता.

‘‘आत उजेड नाही,’’ विमलाबाई म्हणाल्या.

‘‘दिवा हाय की.’’

‘‘दिव्यात कुंकवाचा अंदाज चुकतो. इथं, काचेशी उजेड चांगला आहे.’’ त्यांनी दर्शनी काचेमागचा नवरानवरीचा जुना फोटो उचलून भिंतीला टेकवला. ‘‘तुम्ही इथं समोर बसा. तुम्ही बघत असाल तर लावते. न बघता नाही लावायची. नको असेल तर हिरव्या काचेतला न्या. तोही चांगला आलाय.’’

‘‘रस्त्यावर बसून लावणार तुमी?’’

‘‘हो.’’

‘‘लोक बघतील.’’

‘‘बघू देत. तुमच्या मुलीचं आहे, माझं नाही.’’

यज्ञेश्वर ‘वहिनी’ म्हणाला आणि पडदा धरूनच उभा राहिला. मालननं मात्र आत जाऊन मेजाचं एक टोक धरलं. ‘‘धरा की ओ फोटूवालं दुसरीकडनं. एकटीला उचलतंय व्हय?’’ दोघांनी मेज काचेशी आणलं. आणताना पडदा त्यात अडकला आणि त्याची दोन कड्यांवरची शिवण उसवली. पुढे कित्येक वर्षं ती तशीच होती.

विमलाबाई बसल्या. हिवाळ्याचं कलतं ऊन काचेतून मेजावर पडलं होतं. त्यांनी बशीत थेंबभर पाणी घेतलं, काळा रंग त्यात सोडला, कोऱ्या कागदावर एकदोन रेघा ओढून तो राखाडी केला. निगेटिव्ह उन्हाकडे धरून भिंगातून पाहिली. पुसट गोल सापडला. बाहेर गुंडू हातात ट्यूब घेऊन पायरीपाशी आला होता. त्याच्यामागे आणखी दोघं थांबली. ती का थांबली ते त्यांचं त्यांनाही माहीत नसावं.

बनाबाई आधी रस्त्याकडे बघत होती. मग स्टूल ओढून मेजासमोर बसली.

मालननं हिरव्या काचेतला फोटो आपल्या पिशवीत सरकवला. ‘‘ह्यो बी धाडायचा.’’

‘‘कशाला?’’

‘‘मग बघायला आल्यावर म्हंतील, फोटूत एक दावली आनि हितं दुसरीच बसवली.’’

‘‘गप ऱ्हा म्हनलं न्हवं.’’ पण बनाबाईनं तो पिशवीतून काढला नाही. पुढे दोन्ही फोटो एकाच पाकिटातून वारणानगरला गेले आणि मुलाच्या बापानं हंबीररावांना विचारलं, ही दुसरी कोण, थोरली का? मालनला हे सासरी नांदायला लागल्यावर कळलं आणि ती ते माहेरी आली की हमखास सांगे.

विमलाबाईंनी ब्रश रंगात बुडवला. टोक काढायला सवयीनं तो ओठांशी नेला आणि मध्येच थांबवला. त्यांनी बनाबाईकडे पाहिलं.

‘‘लावा लावा,’’ बनाबाई म्हणाली. ‘‘एवढं झाल्यावर थुंकीचं काय घिऊन बसलाय.’’

ब्रश जिभेला लागला. टोक आलं. विमलाबाईंचा डावा हात फोटोच्या कडेवर होता, उजव्या हाताची करंगळी कागदावर टेकलेली. पाठीवर, मानेवर, मोकळ्या कपाळावर रस्ताभर नजरा होत्या, त्या त्यांना ऊन लागावं तशा लागत होत्या. हात हलला नाही. ब्रश कपाळावर टेकला, जरा फिरला, उजेड कमी होता त्या बाजूला थोडा सैल झाला आणि उचलला गेला.

फोटोतली मुलगी एकदम कुणीतरी झाली. मघापर्यंत तिला नाव नव्हतं.

बाहेर गुंडू म्हणाला, ‘‘ब्येस आलंय की.’’ कुणी त्याच्याकडे लक्ष दिलं नाही.

बनाबाई मेजावर वाकली. इतकी की तिचं डोकं विमलाबाईंच्या डोक्याला लागेल. तिनं फोटो पाहिला, मग स्वतःच्या कपाळाला हात लावून पाहिला, पुन्हा फोटो पाहिला. विमलाबाई ब्रश हातात धरून थांबल्या होत्या.

‘‘जरा मोठं करा की,’’ बनाबाई म्हणाली. ‘‘आमच्यात एवढंसं न्हाय लावत.’’

‘‘तिनं एवढंच लावलं होतं.’’

‘‘तिला काय कळतंय. मी सांगतो न्हवं, करा मोठं.’’

विमलाबाईंनी मालनकडे पाहिलं. मालननं खांदे उडवले. मग त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा स्वतःचा नियम मोडला. ब्रश पुन्हा रंगात बुडवला, सगळ्यांदेखत जिभेवर टेकवला, आणि त्या कुंकू मोठं करायला वाकल्या.